कडेवरची नायिका

या अंकाचं संपादकीय मोर्च्यावर लिहायचं ठरलं होतं. ते राहू द्या. मी कादंबऱ्यांवर लिहितोय, आणि त्याही कॉलेजातल्या प्रेमाच्या. हसू नका. ज्यांत नायिका लंगडी, आंधळी नाहीतर मुकी असते, आणि नायक तिला दोन्ही हातांवर उचलून जिना चढतो, त्या कादंबऱ्या.

गोदीत बोट लागायला उशीर झाला की पाळीची माणसं गोणींच्या थप्पीवर आडवी होतात. कुणी पत्ते कुटतं, कुणी तंबाखू मळतं. मी वाचतो. फुटपाथवर ढिगात मिळणारी पुस्तकं, मॅट्रिकपुरतं इंग्रजी आणि उशाला डिक्शनरी. आमच्या टोळीतला एक गडी वाचून झालेलं पुस्तक माझ्याकडून घरी न्यायचा. मला वाटायचं हा वाचतो. त्याला सही धड येत नाही. वाचायची त्याची बहीण. वय एकोणीस, जन्मापासून दोन्ही पाय अधू, कुबड्यांवर चालते, बारावीला अख्ख्या वस्तीत पहिली. एकदा परत आलेल्या पुस्तकात चिठ्ठी निघाली : ‘दादा, या पोरी दिवसभर कॉलेजात असतात. त्या मुतायला कुठं जातात?’

पाच वर्षं कविता लिहितोय. एवढी खरी ओळ मला सुचलेली नाही.

तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट होती, पण ती मास्तरांसाठी, पोरांसाठी कुलूप. पहिली सहामाही भावानं तिला पाठीवर घेऊन चढवली. गोदीत दिवसभर पाठीवर गोणी, सकाळी पाठीवर बहीण. मग त्याची पाळी बदलली. मुलींच्या संडासाला वीतभर उंच पायरी, आणि दार एवढं अरुंद की कुबड्या बाहेर ठेवून आत सरपटत जायचं. म्हणून ही पोरगी सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेत नव्हती. दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप चढला. दुसऱ्या वर्षाला नाव काढलं. कॉलेजचं नाव छापत नाही. एकाचं छापलं तर बाकीची सोवळी ठरतील.

आता कादंबरीकडे या. मराठीत कॉलेजातलं प्रेम रुळवलं ना. सी. फडक्यांनी. ते स्वतः कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. तेव्हापासून या जातीच्या कादंबरीतल्या कॉलेजात वर्ग असतात, गॅदरिंग असतं, बागेतला बाक असतो. झाडू मारणारी बाई नसते आणि फी भरायची शेवटची तारीख नसते. अशा कॉलेजात पांगळी पोरगी घातली की काय होणार? तिचा चेहरा चंद्रासारखा, केस कमरेपर्यंत, बाप गाडीवाला. पाय तेवढे शालीखाली. शाल काही कधी उचलली जात नाही.

साचा जुना आहे. बंकिमचंद्रांची ‘रजनी’ १८७७ साली पुस्तकरूपानं आली. फुलं विकणारी आंधळी पोरगी, आणि शेवटाला तिला दृष्टी येते. गुलशन नंदांच्या ‘झील के उस पार’वर १९७३ साली सिनेमा निघाला. त्यातल्या आंधळ्या नीलूलाही डोळे मिळतात. मध्ये शंभर वर्षं गेली, तरी बायको व्हायची तर अंग दुरुस्त होऊन ये, ही अट तीच. या दोघी कॉलेजात गेल्या नाहीत, पण कॉलेजच्या कादंबरीनं त्यांचंच माप घेऊन झगे शिवले. आणि ही अट आपल्या ओळखीची नाही का? गोमूत्र शिंपडा, शुद्ध करून घ्या, मग उंबऱ्याच्या आत घेऊ. बदलायचं ते कायम शिंपडून घेणाऱ्यानं. उंबरा जागचा हलायचा नाही.

सगळंच टाकाऊ आहे असं म्हणत नाही. कॅमी मॅकगव्हर्न या अमेरिकन बाईची ‘से व्हॉट यू विल’ ही २०१४ ची कादंबरी मी दोन वेळा वाचली. तिच्यातल्या एमीला सेरेब्रल पाल्सी आहे. ती वॉकर धरून चालते, यंत्रातून बोलते आणि शाळेतून पुढं स्टॅनफर्डला जाते. मोठ्या बायका मदतनीस नकोत, माझ्याच वयाची पोरं ठेवा, म्हणून ती आईबापाशी भांडते. ती पोरं पगारावर ठेवली जातात आणि त्यातल्याच एकाशी तिचं जमतं. मजूर माणूस म्हणून माझं लक्ष तिथंच अडकलं. उचलणं, भरवणं, नेणं-आणणं हे काम आहे आणि कामाला पैसा पडतो, एवढं तरी या बाईनं कबूल केलं. आमच्याकडे ते आईच्या पाठीतून आणि भावाच्या झोपेतून फुकट वसूल होतं, आणि वर त्याला माया म्हणतात.

मुंबईचंच बघा. १९७२ साली या शहरात दलित पँथर उभी राहिली. त्याच साली याच शहरात मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, आपल्या मुलीसारख्या मुलांना शाळा नव्हती म्हणून. ती मुलगी मालिनी चिब. सेंट झेवियर्समधून तिनं बी. ए. केलं आणि एका करंगळीनं टाइप करून ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. शोनाली बोस तिची नात्यातली बहीण. मालिनीवरून सुचलेला तिचा ‘मार्गरिटा विथ अ स्ट्रॉ’ २०१५ मध्ये आपल्याकडे लागला. त्यातली लैला दिल्लीच्या कॉलेजात बँडसाठी गाणी लिहिते. बँडला बक्षीस मिळतं, आणि गाणं अपंग मुलीनं लिहिलंय म्हणून ते दिलं, असं भर स्टेजवर सांगितलं जातं. लैला बोट दाखवते. कुठलं ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘तुमच्यातला असून छान लिहितोस’ हे ज्यानं ज्यानं ऐकलंय, त्यानं त्या सीनला शिट्टी मारावी. पण हेही लिहून ठेवतो की लैलाकडे न्यूयॉर्कचं तिकीट होतं. आमच्या वस्तीतल्या पोरीकडे रिक्षाचं भाडं नव्हतं.

पंतप्रधानांनी २०१५ च्या डिसेंबरात रेडिओवरून अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणावं असं सुचवलं. आपल्याला एकदा ‘हरिजन’ करून झालंय. वरून दैवी नाव आलं की खालची मागणी मरते, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले. लोकसंख्येत प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींत २.४५. देवानं काय आमच्याच गल्लीत जास्त दिव्यता वाटली? पोटात अन्न नाही, बाळंतपणाला दवाखाना लांब, आणि अंग तोडणारी कामं आमच्याच वाट्याला, हे त्या फरकामागं आहे. २०१६ च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखल्या. जागा आहे, पण ती तिसऱ्या मजल्यावर आहे.

आता आपली गोष्ट. ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोत शंभराहून जास्त अपंग माणसं सरकारी इमारतीत घुसली आणि जवळजवळ महिनाभर हलली नाहीत. कायद्याचं कलम ५०४ चार वर्षं नियमांवाचून पडून होतं, त्यावर सही हवी होती. पुढारपण ज्युडी ह्यूमन या बाईकडे. पोलिओनं चाकाच्या खुर्चीत. तिनं डिग्री घेतली तरी न्यूयॉर्कनं १९७० मध्ये तिला शिक्षिकेचं लायसन नाकारलं होतं, आणि तिनं कोर्टात जाऊन ते मिळवलं होतं. कॉलेजची नायिका पाहिजे ना? ही घ्या. आणि त्या इमारतीत रोज गरम जेवण कुणी पोचवलं? ब्लॅक पँथरांनी. आत बसलेल्यांत ब्रॅड लोमॅक्स हा त्यांचाच खुर्चीवरचा कार्यकर्ता होता. २८ एप्रिलला सही झाली.

नाव आपण त्यांचं घेतलं. डबे कुणाला पोचवले?

मी माझ्या कविता काढून बघितल्या. ‘लंगडी लोकशाही’ तीन वेळा. ‘आंधळा न्याय’ किती वेळा ते मोजायचं सोडून दिलं. कुणाचं तरी अंग उसनं घेऊन शिवी तयार करायची, हा धंदा आम्हीही करतो. आणि आमचं मागचं कवितावाचन दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलात झालं. हॉल फुकट मिळाला म्हणून खूश होतो. ती आली होती. खाली रस्त्यावर वडापावच्या गाडीजवळ दोन तास उभी राहून लाउडस्पीकरवर ऐकून गेली. हे मला आठ दिवसांनी तिच्या भावानं सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

मी म्हणालो, ‘हाक मारायची ना, चौघांनी उचलून वर आणली असती.’

तो म्हणाला, ‘म्हणूनच नाही मारली.’

पुढचं वाचन वस्तीतल्या मैदानात. मैदानाजवळच्या संडासाची पायरी रविवारी पाचजण फोडणार आहोत. पहारी दोन आहेत, तिसरी कुणाकडे असेल तर घेऊन यावं. पुढच्या अंकाची आठ पानं तिच्यासाठी मोकळी आहेत. लिहीन असं तिनं अजून म्हटलेलं नाही. तिनं नाही लिहिलं तर ती कोरी छापू. माझ्या कवितांनी भरणार नाही.