‘सेफ’ ई-मेल म्हणजे नक्की कुणापासून सेफ?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहांनी आपण झोहो मेलवर गेल्याचं जाहीर केलं आणि ‘आपणही जीमेल सोडायचं का?’ हा प्रश्न चर्चेत आला. कुणी म्हणतं स्वदेशी घ्या, कुणी म्हणतं स्वित्झर्लंडचं प्रोटॉन घ्या. पण नुसत्या देशावरून मेल निवडणं म्हणजे पाटी वाचून मेस लावण्यासारखं आहे. आत काय शिजतंय, ते बघायला नको?

पहिला निकष : किल्ली कुणाकडे? जीमेल, झोहोवर नेहमीचा मेल एन्क्रिप्टेड असतो, पण त्याची किल्ली कंपनीकडेच. प्रोटॉन आणि जर्मनीच्या टूटामध्ये ती तुमच्या पासवर्डला बांधलेली. म्हणून पासवर्ड आणि रिकव्हरीची सोय दोन्ही गमावलंत, की जुने मेल गेलेच समजा. मेख आणखी आहे. टूटा सब्जेक्ट लाइनही लपवतं, प्रोटॉन तिला तेवढं संरक्षण देत नाही. आणि जीमेलवाल्या मित्राला साधा मेल पाठवलात, तर त्याची कॉपी गूगलकडे राहतेच.

दुसरा निकष : मागितलं तर द्यायला काय आहे? कायदा कुठल्याच कंपनीला चुकलेला नाही. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशामुळे प्रोटॉनला फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी अ‍ॅड्रेस द्यावा लागला. मेलमधला मजकूर मात्र कंपनीलाच उघडता येत नाही.

तिसरा : कंपनी कमावते कशातून, जाहिरातींतून की पैसे भरणाऱ्या ग्राहकांकडून? चौथा : अ‍ॅपचा कोड खुला आहे का, बाहेरच्या तज्ज्ञांनी तो तपासलाय का?

पाचवा निकष आपण विसरतोच : बाहेर पडता येतं का? एप्रिल २०२५ मध्ये अश्लील मेलच्या एका प्रकरणात कर्नाटक हायकोर्टाने प्रोटॉन मेल ब्लॉक करण्याची कारवाई सुरू करायला केंद्राला सांगितलं. तुमची अ‍ॅडमिशन, इंटर्नशिप, पासवर्ड रीसेट सगळं एकाच मेलवर असेल आणि तीच सेवा इथे बंद झाली, तर? मेल डाउनलोड करून ठेवता येतात का, हे खातं उघडण्याआधीच बघा.

याचा अर्थ सगळ्यांनी उठून मेल बदलावा असा नाही. तुम्हाला धोका फिशिंगचा असेल, तर आहे त्याच खात्यावर वेगळा पासवर्ड आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन आधी लावा. पण मजकूर कंपनीनेही वाचू नये असं वाटत असेल, तर पहिल्या निकषावर तडजोड नको. कुणी ‘हे घे, एकदम सेफ आहे’ म्हणालं, की एवढंच विचारा : कुणापासून?