वेगवान गाडी आणि वहीतील आकडे

आंबेगाव तालुक्यातील लोणीच्या एका आडतदार स्नेह्यांचा मुलगा गेल्या महिन्यात घरी आला. त्याला चाकणच्या कारखान्यात नोकरी लागली आहे. पाबळ, शिक्रापूर मार्गे रोजचे जाणे-येणे शंभर किलोमीटरच्या घरात. "काका, गाडी जुनीच घ्यायची, पण पळणारी घ्यायची," असे म्हणून त्याने मोबाइलमधील दोन छायाचित्रे पुढे केली.

योगायोग असा, की दोन्ही गाड्या आपल्याच मुलखात जन्मलेल्या. अबार्थ पुंटो रांजणगावची, पोलो टीएसआय चाकणची. २०१५ साली आलेल्या अबार्थला १.४ लिटरचे टर्बो इंजिन आणि १४५ अश्वशक्ती. मुलाचे मन तिच्यावरच जडले होते, आणि खरे सांगायचे तर तिचा आवाज ऐकून मलाही क्षणभर वय विसरावेसे वाटले. परंतु फियाटने स्वतःच्या नावाच्या मोटारी येथे बनविणे केव्हाच थांबविले. त्या कारखान्यातून आता जीप बाहेर पडतात. हौसेखातर रविवारी काढावयाची गाडी असती, तर सुट्या भागांसाठी महिनाभर थांबता आले असते. सोमवारी सकाळी कामावर पोहोचावयाचे असेल, तर नाही.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेतली. महिन्याला २,५०० किलोमीटर. एक गाडी लिटरला १२ देते आणि दुसरी १८, असे धरले, तर पेट्रोलमध्ये जवळजवळ ७० लिटरचा फरक पडतो. लिटरचा भाव १०५ रुपये धरा. महिन्याला सात हजारांहून अधिक. हा आकडा विक्रेता कधी सांगत नाही, आणि कर्जाच्या हप्त्याच्या तक्त्यातही तो दिसत नाही. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर नव्यापेक्षा चढा असतो, हे निराळेच.

पोलो २०२२ मध्ये बंद झाली. तथापि तिचे २०२० नंतरचे १.० लिटरचे टीएसआय इंजिन व्हर्टस आणि टायगुन या गाड्यांतही आहे, त्यामुळे भागांची चिंता कमी. आधीच्या १.२ लिटरच्या जीटीला दुहेरी क्लचची सात गिअरची स्वयंचलित पेटी होती. शिक्रापूर-चाकण रस्त्यावर मालमोटारींच्या मागे रांगत जाणाऱ्याने तिच्या वाटेस न जावे, हे माझे मत. हाताने गिअर टाकावयाची २०२१ ची गाडी पसंत पडली. ती सकाळी थंड असतानाच सुरू करून पाहिली, कारण निळसर धूर तेव्हाच डोळ्यांत भरतो. मेकॅनिकने लिफ्टवर चढवून तळ तपासला. अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी मीटरच्या आकड्याशी जुळल्या.

आता कागदपत्रे. येथे मी थोडा हट्टी आहे. १९९९ साली माझी मारुती ८०० एका परिचितास विकली, नमुना २९ आणि ३० वर सह्या केल्या आणि निश्चिंत झालो. त्याने नाव बदललेच नाही. तीन वर्षांनी मोटार अपघात दाव्याची नोटीस माझ्या दारी आली. बँकेत दुसऱ्यांचे दस्तऐवज तपासण्यात हयात गेली, आणि स्वतःचा एक कागद पाहावयाचा राहिला! नोंदणी ज्याच्या नावे, तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेच आहे. म्हणून विकणाऱ्याने हस्तांतराची सूचना चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावी. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांतच आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. जुन्या मालकाची दावारहित सवलत गाडीबरोबर येत नाही, हेही हिशेबात धरावे.

त्या पोलोच्या नोंदणीपत्रावर अद्याप एका बँकेचा बोजा आहे. ना-हरकत पत्र आणि बँकेच्या सहीचा नमुना ३५ हाती येईपर्यंत बयाण्यापलीकडे एक रुपया द्यावयाचा नाही, असे मुलाने आणि त्याच्या वडिलांनी ठरविले आहे. विक्रेता म्हणतो, कर्ज कधीच फिटले. फिटले असेलही. हे लिहीपर्यंत कागद आलेला नाही, आणि मुलगा अजून एसटीनेच जातो आहे.