पहिल्या सुईपूर्वीचे चार शब्द

आमच्या अनेक व्यवसायबंधूंनी आपल्या चिकित्सालयात ॲक्युपंक्चरची जोड दिली आहे. कोणी रीतसर प्रशिक्षण घेऊन स्वतः सुया लावतात, तर कोणी आठवड्यातून एक-दोन दिवस त्या विद्येच्या जाणकारास पाचारण करतात. यात काही गैर आहे असे आम्ही मानत नाही. परंतु गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत आणि पक्षाघातापासून वंध्यत्वापर्यंत साऱ्या व्याधींची यादी एकाच फलकावर देऊन खाली ‘हमखास गुण’ असे शब्द लिहिलेले दिसतात, तेव्हा मन अस्वस्थ होते. या उपचारापासून काय अपेक्षा ठेवावी व काय ठेवू नये, हे पहिली सुई टोचण्यापूर्वीच रुग्णास सांगितले पाहिजे. या कर्तव्यात आपण कमी पडत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अवास्तव अपेक्षांचा रोग या उपचाराला जुनाच आहे. १९७१ साली अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ती नेहमीप्रमाणे बधिरतेचे इंजेक्शन देऊनच झाली होती. सुया लावल्या त्या नंतर, पोटातील अस्वस्थता कमी व्हावी म्हणून. रेस्टन यांनी हे सारे प्रामाणिकपणे लिहिले. तरीही ‘केवळ सुया टोचून पोट उघडले’ अशी दंतकथा जगभर पसरली ती पसरलीच. आपल्याकडे ही विद्या आली ती वेगळ्या वाटेने. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये ती शिकून कलकत्त्यास आणली.

आपल्या वर्तुळात आणखी एक विधान वारंवार कानी पडते : ‘ही विद्या मूळची आपलीच.’ सुश्रुतांनी अष्टविध शस्त्रकर्मांत वेधनाचा समावेश केला आहे आणि सिराव्यधाचे सविस्तर वर्णन केले आहे, हे खरेच. परंतु त्यांनी सांगितलेली १०७ मर्मे ही प्रामुख्याने आघातापासून जपावयाची स्थाने आहेत. चिनी परंपरेतील ३६१ बिंदू मुद्दाम सुई लावण्यासाठी योजलेले आहेत. दोहोंत काही ठिकाणी साम्य दिसले, तरी एकाला दुसऱ्याचे नाव देऊन रुग्णापुढे मांडणे हा दोन्ही शास्त्रांवर अन्याय होय. आपल्या विद्धकर्माचा अभ्यास विद्धकर्म म्हणूनच व्हावा.

आता रुग्णास काय सांगावे ते पाहू. प्रथम सुईविषयी. बहुतेक रुग्णांच्या मनात इंजेक्शनची सुई असते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असून साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. टोचताना किंचित चुरचुरते. त्यानंतर त्या जागी जडपणा, बोथट ठणका, मुंग्या किंवा काही पसरत गेल्यासारखी जाणीव होते. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण दचकतो व अंग आखडून घेतो. तीव्र, विजेसारखी कळ आल्यास मात्र त्याने ताबडतोब सांगावे. सुया साधारणपणे वीस ते तीस मिनिटे ठेवतात. नंतर काहींना हलके वाटते, काहींना गुंगी येते. अशांनी लगेच दुचाकीवर बसू नये. क्वचित घेरी येते, म्हणून पहिल्या वेळी रुग्णास झोपवूनच सुया लावाव्यात आणि त्याने उपाशीपोटी येऊ नये. एखादा रक्ताचा थेंब, लहानसा काळा-निळा डाग, एक-दोन दिवस दुखण्यात वाढ, इतके होऊ शकते.

गंभीर अपाय विरळ आहेत, पण अशक्य नाहीत. जर्मनीत सुमारे ९७,००० रुग्णांच्या निरीक्षणात, ज्यांचा उपचाराशी संबंध असू शकेल असे गंभीर प्रसंग सहा नोंदले गेले. त्यांतील दोन फुफ्फुसाभोवती हवा शिरल्याचे होते. छाती, खांदा व पाठीच्या वरच्या भागात सुईची खोली किती आणि दिशा कोणती, याचे ज्ञान नसेल त्याने तेथे हात लावू नये. रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण, मधुमेहामुळे बधिर झालेले पाय यांची चौकशी आधी करावी. हृदयात पेसमेकर असलेल्यास विद्युत्प्रवाहाची जोड देऊ नये.

गुणाविषयी बोलताना मात्र आपली जीभ सैल सुटते. पुराव्याचे स्वरूप समजून घेण्यास दोन उदाहरणे पुरेत. कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर जर्मनीत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर नियमानुसार सुया लावलेल्यांपैकी ४७.६ टक्के, भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के, तर औषधे व व्यायाम असे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांस गुण आला. अर्धशिशीवरील २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्ष असा : महिन्यातून सहा दिवस डोके दुखत असेल, तर नेहमीच्या उपचाराने ते पाचवर, लटक्या सुयांनी किंवा प्रतिबंधक औषधांनी चारवर आणि खऱ्या सुयांनी साडेतीनवर येतात.

या आकड्यांतून आम्ही दोन बोध घेतो. सुया लावून घेणाऱ्या रुग्णास बरे वाटते, ही गोष्ट खोटी नाही. मात्र त्यातील मोठा वाटा स्पर्श, विश्रांती, विश्वास आणि चिकित्सकाने दिलेला वेळ यांचा असावा. नेमक्या बिंदूचा वाटा त्या मानाने लहान दिसतो. म्हणून जुनाट कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी व अर्धशिशी यांत ‘दुखणे काही अंशी कमी होण्याची शक्यता आहे’ असे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. झिजलेला सांधा सुईने भरून येत नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब व कर्करोग यांच्या मूळ उपचाराची जागा सुई घेऊ शकत नाही. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, कारणाविना घटणारे वजन, लघवी-शौचावरील ताबा जाणे, अंगाचा एक भाग एकाएकी लुळा पडणे अशा रुग्णास सुई लावण्यात घालविलेला वेळ त्याच्या जिवावर बेतू शकतो.

संख्याही आधीच ठरवावी. ‘येत राहा, पाहू’ हे वाक्य आपण टाकून दिले पाहिजे. पहिल्या दिवशी दुखण्याचे मोजमाप लिहून ठेवावे : किती पावले चालता येते, रात्री किती वेळा जाग येते, वेदनाशामक गोळी आठवड्यातून किती वेळा लागते. सहा बैठकींनंतर तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. फरक नसेल तर थांबावे आणि तसे मोकळेपणाने सांगावे. असा रुग्ण आपल्यापासून तुटत नाही. उलट पुढच्या दुखण्यास तो विश्वासाने आपल्याकडेच येतो, असा आमचा अनुभव आहे.

औषधविक्रेत्या बंधूंचा येथे मोठा सहभाग आहे. ‘सुया सुरू केल्या, आता रक्तदाबाची गोळी बंद करू का?’ हा प्रश्न अनेकदा आपल्या गल्ल्यावर प्रथम विचारला जातो. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना विचारल्याखेरीज एकही मात्रा कमी करू नये, हेच उत्तर द्यावे. जे सुया विक्रीस ठेवतात त्यांनी निर्जंतुक, एकदाच वापरावयाची पाकिटेच ठेवावीत; मुदत व आवरण तपासून द्यावीत. वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यातच गेली पाहिजे. तीच सुई उकळून पुन्हा वापरणे म्हणजे काविळीच्या विषाणूस आमंत्रण देणे होय.

कायद्याचेही भान असावे. केंद्र शासनाने २००३ साली ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आणि महाराष्ट्राने त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला. आपली आयुर्वेदाची नोंदणी या कामी आपोआप पुरेल असे गृहीत न धरता प्रत्येकाने संबंधित परिषदेकडे लेखी विचारणा करून उत्तर आपल्या दप्तरी ठेवावे.

साध्यासाध्यविवेक हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. असाध्यास हात घालणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची व यशाची हानी होते, असा इशारा चरकांनी दिला आहे. सुई परक्या देशातून आली असेल, पण ती धरणारा हात आपला आहे. म्हणून विवेकही आपलाच लागू होतो. ‘हमखास’ हा शब्द आपल्या फलकांवरून उतरावा आणि त्याच्या जागी पहिल्या सुईपूर्वीचे चार खरे शब्द यावेत, एवढीच सर्व सभासदांस आमची नम्र विनंती आहे.