चाचेगिरी आणि कायद्याची पोकळी



गेल्या अंकातील समुद्री चाच्यांवरच्या लेखात, १९८२चा सागरी करार असताना भारताला वेगळ्या कायद्याची गरजच नव्हती, असे ठामपणे म्हटले आहे. ते चूक आहे.

कराराचे १०५वे कलम चाच्यांचे जहाज पकडण्याची आणि खटला चालवण्याची मुभा कोणत्याही देशाला देते. शिक्षा किती, हे मात्र ते ठरवत नाही. ते देशाच्या न्यायालयांवर सोडते. ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज १९९९मध्ये पळवले गेले. आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने पाठलाग करून ते अरबी समुद्रात पकडले. चाचेगिरीसाठी वेगळे कलम नसल्याने भारतीय दंड संहितेची कलमे लावावी लागली. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३मध्ये शिक्षा सुनावली; २००५मध्ये उच्च न्यायालयातून आरोपी सुटले. एवढ्या कष्टाने पकडलेल्यांचा हा खटला लेखात नसावा, हे खटकते.

समुद्रावरची प्रत्येक लूटही चाचेगिरी नव्हे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आतला दरोडा हा त्या त्या देशाच्या फौजदारी कायद्याचा विषय. सिंगापूरच्या सामुद्रधुनीतल्या अनेक घटना अशाच असतात. दोन्हींची एकत्र मोजदाद करणे दिशाभूल करणारे आहे.

मार्च २०२४मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ जहाजावरचे ३५ सोमाली चाचे मुंबईत आणले आणि पोलिसांच्या हवाली केले, ते २०२२च्या चाचेगिरीविरोधी कायद्यानुसार. लेखाने अनावश्यक ठरवलेला कायदा तो हाच.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, मुंबई