आप्त कोण?

बोलींत ‘आप्त’ म्हणजे नातलग. न्यायशास्त्रांत मात्र वस्तु जशी असेल तशी जाणणारा व तशीच सांगणारा तो आप्त. पहिला आपली बाजू घेतो. दुसरा कोणाचीच घेत नाहीं. संशोधन करणाऱ्या संग्रहालयास सल्लागार हवा तो या दुसऱ्या अर्थाचा आप्त, असें आमचें मत आहे. आणि तें आम्हांस बरेंच महाग पडलेलें आहे.

पूर्वजांनीं देशावरून एरंडोलास येतांना आणलेली शाहू छत्रपतींची एक सनद आमच्या देवघरांत होती. ती आम्हीं एका संग्रहालयास देऊं केली. चालक मंडळी संतुष्ट झाली. पाटीवर घराण्याचें नांव घालण्याचेंही ठरलें. तथापि त्यांच्या शिरस्त्याप्रमाणें कागद बाहेरच्या एका तज्ज्ञांकडे गेला. हे गृहस्थ ना संस्थेचे वेतनदार, ना देणगीदारांचे स्नेही. त्यांनीं कागद उजेडासमोर धरला व म्हणाले, “मास्तर, हें पाहा. कागदाच्या पोटांत विलायती गिरणीची खूण आणि १८४२ हा आंकडा आहे. शाहू महाराज तर १७४९ सालीं वारले. ही मागाहून केलेली नक्कल.” त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. पाटीवर ‘नक्कल’ हाच शब्द आला, आणि भाऊबंदांनीं आमच्याशीं अबोला धरला.

तरी आम्ही त्या गृहस्थांस दोष देत नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले व पुढील वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ निघालें. अस्सल कागदावांचून इतिहास नाहीं, हा त्यांचा आग्रह ज्या खानदेशानें ऐकला, त्यानेंच नकलेस अस्सल म्हणावें काय?

शिवाय शास्त्र केवळ हिरावून घेत नाहीं. चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें येथें १९७० नंतरच्या उत्खननांत अंड्याच्या कवचाचे तुकडे व मणी सांपडले. अडाण्यानें ते खापऱ्या म्हणून फेंकले असते. जाणत्यांनीं तें कवच शहामृगाचें ठरविलें, आणि कार्बनच्या परीक्षेनें त्याचें वय सुमारें पंचवीस हजार वर्षें निघालें. ज्या दृष्टीनें आमच्या सनदेचें शतक काढून घेतलें, तिनेंच खानदेशाच्या पदरांत अडीचशें शतकें घातलीं!

१८८३ सालीं निघालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स, आतांच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या प्राणिविभागास साह्य केलें. पाटी चालकांनीं लावावी, पण प्राण्याचें नांव प्राणिशास्त्रज्ञानें सांगावें, हाच न्याय सर्वत्र असावा.

म्हणून आमची सूचना अशी कीं, सल्लागाराचें मत लेखी घ्यावें व दप्तरीं ठेवावें. चालकांस तें अमान्य असेल तर कारणही लिहून ठेवावें. सल्लागाराची मुदत ठरलेली असावी, आणि ज्याची वस्तु त्याच्याकडून त्यानें फुलाची पाकळीही घेऊं नये.

वाचकहो, आपल्याही घरीं जुनें दप्तर असेल. तें अवश्य द्या. मात्र पाटीवर आपलें नांव मागण्यापूर्वी त्या वस्तूचें खरें नांव मागा.