रंगवायची चित्रं घरच्या घरी छापताना

मुलांना सुट्टी लागली की पहिले दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवसापासून ‘आई, आता काय करू?’ सुरू होतं. अशा वेळी रंगवायच्या चित्रांचा मोठा आधार असतो. पूर्वी त्यासाठी दुकानातून पुस्तकं आणावी लागत. आता हवं ते चित्र इंटरनेटवरून उतरवून घेता येतं, आणि घरी प्रिंटर असला तर दोन मिनिटांत हातातही पडतं. पण छापायला बसलं की कुठं चित्राची कडा कापली जाते, कुठं रेघा पुसट येतात, तर कुठं ब्रश लावताच सगळं काळं फिसकटतं. कागद वाया, शाई वाया, वर ‘शाई काय फुकट येते का?’ हे ऐकून घ्यायचं! म्हणून मैत्रिणींनो, आज या कामातल्या काही खाचाखोचा.

चित्र कुठून घ्यावं? मोबाइलवर फिरत फिरत आलेल्या चित्राच्या रेघा छापल्यावर धूसर येतात. त्यापेक्षा मूळ जागेवरून पीडीएफ उतरवून घ्यावी. न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनच्या ग्रंथालयानं २०१६ साली एक छान उपक्रम सुरू केला. दर फेब्रुवारीत निरनिराळी ग्रंथालयं आणि संग्रहालयं आपल्या संग्रहातली जुनी पानं, फुलं, पशुपक्षी रंगवण्यासाठी मोफत देतात. अशा ठिकाणची चित्रं सुबक असतात. इतर ठिकाणी मात्र जपून हं! ‘डाउनलोड’ असं लिहिलेलं मोठ्ठं बटण पुष्कळदा जाहिरातीचं असतं. चित्रासाठी कुणी फोन नंबर मागितला किंवा एखादं अॅप घ्यायला लावलं, तर ते पान सरळ बंद करावं. हे काम मुलांवर सोपवू नये.

तीन-चार वर्षांच्या मुलाला जाड रेघांचं, मोठ्या आकाराचं चित्र द्यावं. आंबा, मासा, छत्री असं एकच काहीतरी पुरे. बारीक नक्षीचा मोर आठ-नऊ वर्षांच्या ताईसाठी ठेवावा. धाकट्यांना अख्खं पान संपवण्याचा धीर नसतो. त्यांच्यासाठी एका कागदावर दोन चित्रं छापून कागद मधोमध कापला की कामही होतं आणि कागदही वाचतो.

कडा का कापली जाते, ठाऊक आहे? बरीचशी चित्रं अमेरिकेतल्या ‘लेटर’ मापाच्या कागदासाठी केलेली असतात. तो कागद २१६ मिलिमीटर रुंद आणि २७९ मिलिमीटर उंच. आपला ए-फोर २१० रुंद आणि २९७ उंच. म्हणजे रुंदीत आपला कागद कमी पडतो. छापण्याआधी ‘फिट टू पेज’ एवढं निवडलं की हत्तीची सोंड शाबूत राहते.

शाई जपायची तर चित्र नुसत्या रेघांचं निवडावं, काळ्या पार्श्वभूमीचं नको. छापताना ‘ब्लॅक अँड व्हाइट’ किंवा ‘ग्रेस्केल’ निवडावं. नाहीतर काही प्रिंटर काळा रंग करतानाही रंगीत शाई खर्च करतात. रेघा जाड असतील तर ‘ड्राफ्ट’वरही चित्र चांगलं येतं. शाईचा प्रिंटर महिनोन् महिने बंद ठेवला की शाई वाळून तोंड बुजतं. आठवड्याला एखादं पान छापत राहावं.

आता फिसकटण्याचं. घरच्या शाईच्या प्रिंटरवर छापलेली चित्रं पुष्कळदा पाण्यानं पसरतात. ओलं बोट एका कोपऱ्यातल्या रेघेवर फिरवून पाहावं. काळं पसरलं तर त्या पानावर खडू किंवा रंगीत पेन्सिलीच द्याव्यात. जलरंगच हवे असतील, तर एक प्रत घरी छापून तिची झेरॉक्स काढावी. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेनं कागदावर पक्की बसते, पाण्यानं पसरत नाही. कागदाचंही तसंच. नेहमीचा ७०-७५ जीएसएमचा कागद खडूंना पुरतो, पण जलरंगानं त्याची पार लगदी होते. त्यासाठी १०० जीएसएमच्या वरचा घ्यावा. आधी आपल्या प्रिंटरला तो चालतो का हे मात्र बघावं. जाड ड्रॉइंग पेपर आत अडकतो. पाठकोरे कागद जरूर वापरावेत, फक्त चुरगळलेले किंवा पिन राहिलेले नकोत.

आणखी एक युक्ती. आवडतं चित्र पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवून वरून व्हाइटबोर्डच्या पेननं रंगवायला द्यावं. कोरड्या फडक्यानं पुसलं की पान पुन्हा नवं!

आता थोडं शाळेविषयी. ‘उद्या हे चित्र छापून, रंगवून पाठवा’ असा निरोप कधीकधी रात्री नवाला येतो. ज्यांच्या घरी प्रिंटर आहे त्यांचं भागतं. पण त्याच वर्गात अशीही आई असते, जी कामावरून नुकतीच परतलेली असते आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलेलं असतं. सकाळी तिचं मूल रिकाम्या हातानं वर्गात उभं राहतं, आणि बोलणी त्यालाच बसतात. पालकसभेत ही गोष्ट आपण बोलून दाखवायला हवी. शाळेनं एक प्रत काढून वर्गापुरत्या झेरॉक्स केल्या तर खर्च थोडा येतो आणि सगळी मुलं एका पातळीवर येतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षकांना अशी प्रत करण्याची मुभा आहे. तीच पानं बांधून विकणं मात्र त्यात बसत नाही. शिवाय चित्र छापीलच हवं असा हट्ट कशाला? खिडकीच्या काचेवर कागद धरून गिरवलेलं किंवा कार्बन लावून उतरवलेलं चित्रही चालायला हवं. तोवर आपल्याकडे प्रिंटर असेल, तर छापताना शेजारच्या मुलासाठी एक पान जास्त काढावं. आपलं फार काही जात नाही.

शेवटचं सांगणं. छापील चित्रं सोयीची खरी, पण रोज तीच दिली तर मूल म्हणू लागतं, ‘मला काढता येत नाही, तूच छापून दे.’ म्हणून पानाची मागची बाजू कोरी ठेवावी आणि पुढचं रंगवून झालं की म्हणावं, ‘आता इथं तुझा हत्ती काढ.’ तो निळा असेल, पाच पायांचाही असेल. असू द्यावा. दुरुस्त करायला जाऊ नये. भिंतीवर मात्र तोच लावावा.