उचंत खात्यातला दिवा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा एक लाल दिवा लागला तो विझेचना. आसनावर बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे एक गोल, असे त्याचे चित्र. गाडी सुरू करताना हा दिवा काही क्षण लागतो व मालवतो, हे नित्याचेच. या वेळी मात्र तो तसाच राहिला. गाडी उत्तम चालत होती, त्यामुळे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरचा बाजार असे अकरा दिवस आम्ही निर्धास्त फिरलो. शेजारच्या आसनावर बहुधा सौ. असत.

हा दिवा एअरबॅगचा एवढे ठाऊक होते. सीट बेल्टचाही तोच, हे नंतर कळले. बेल्टला ‘प्रीटेन्शनर’ नावाचा एक भाग असतो. टक्कर होताच त्यातील छोटी दारू पेटते आणि काही सहस्रांश सेकंदांत सैल पट्टा खेचून अंगाशी घट्ट आवळते. मग फुगलेल्या एअरबॅगवर माणूस योग्य अंतराने येतो. मर्सिडीजने १९८१ मध्ये एस-क्लास गाडीत या दोन गोष्टी एकत्रच आणल्या, त्या एकमेकींना पूरक म्हणूनच.

ही दारू पेटवण्याचा हुकूम एअरबॅगचा नियंत्रक देतो. हुकूम पोहोचेल की नाही, हे तो टक्कर होईपर्यंत थांबून पाहत नाही. गाडी चालू असेतो अगदी क्षीण विद्युतप्रवाह सोडून तो त्या तारांचा रोध मोजत राहतो. साधारण २ ओम आला, तर संवाद शाबूत. फार अधिक आला, तर तार तुटली वा जोड सैल झाला. फार कमी आला, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या. मग तो दोषाचा कोड नोंदवतो व दिवा लावतो. पुष्कळ गाड्यांत अशा वेळी संपूर्ण एअरबॅग व्यवस्थाच निष्क्रिय राहू शकते.

प्रथम गाठलेल्या गॅरेजातील तरुणाने स्कॅनर लावला आणि हसून म्हणाला, “काका, बेल्टचा कोड आहे. दोन ओमचा रेझिस्टर टाकतो, दिवा लगेच जाईल.” दिवा गेलाही असता. नियंत्रकाला हवा तो आकडा मिळाला असता. फक्त तारेच्या टोकाशी प्रीटेन्शनरऐवजी तो चिमुकला रेझिस्टर असता.

मला बँकेतील उमेदवारीचे दिवस आठवले. संध्याकाळी मेळ बसला नाही की एखादा उतावळा लेखनिक फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून मोकळा होई. कागदावर दोन्ही बाजू सारख्या. चूक मात्र होती तिथेच. आमचे हेड कॅशियर अशा वेळी कुणालाही घरी जाऊ देत नसत. मी त्या तरुणाचे आभार मानून गाडी बाहेर काढली.

अंबरनाथच्या दुसऱ्या कारागिराने स्कॅनर लावण्याआधी मला प्रश्न विचारले. अलीकडे आसनाला कुणी हात लावला होता का? गाडीत पाणी शिरले होते का? तीन आठवड्यांपूर्वी उल्हासनगरात नवी सीट कव्हरे बसवल्याचे मी सांगितले, तेव्हा त्याने मान डोलावली. कोड जुना नोंदलेला आहे की या क्षणी जिवंत आहे, हे त्याने पाहिले. आसन पुढेमागे सरकवताच तो येतजात होता. मग इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार काढली आणि काही मिनिटे स्वस्थ बसला. नियंत्रकात साठलेली वीज उतरू द्यावी लागते, असे त्याचे म्हणणे. साध्या मल्टिमीटरने प्रीटेन्शनर मोजायला तर त्याने साफ नकार दिला, कारण मीटरच्या प्रवाहानेही दारू पेटू शकते. आमच्या गाडीत बकलाकडचा प्रीटेन्शनर आसनालाच जोडलेला आहे. आसनाखालचा पिवळा कनेक्टर अर्धवट बसला होता व त्याच्या पिनांवर ओलाव्याचा हिरवट थर होता. या पिवळ्या रंगाच्या जोडांना घरी कुणी हात लावू नये, हे येथेच सांगून ठेवतो.

उल्हास नदीकाठच्या आपल्या भागाला ओलाव्याची गोष्ट नवी नाही. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ रोजी तर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसच पुरात अडकली होती. पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून वाळते. गालिच्याखालचे जोड मात्र पुढे कित्येक महिने गंजत राहतात.

सीट कव्हरांच्या त्याच दुकानात बकलात खोचायच्या धातूच्या क्लिपाही टांगलेल्या पाहिल्या होत्या: बेल्ट न लावताच त्याचा इशारा गप्प करणाऱ्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढून टाकण्याचे आदेश दिले होते. त्याआधी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात चारोटी येथे झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री व जहांगीर पंडोल गेले. मागे बसलेल्या या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. बेल्टच लावला नाही, तर प्रीटेन्शनर आवळणार तरी काय?

हे सर्व मी एका व्यापारी स्नेह्यांना सांगत होतो. त्यांनी नुकतीच जुनी गाडी घेतलेली. “आमच्या गाडीत असला दिवा लागतच नाही,” ते समाधानाने म्हणाले. सुरू करतानाही नाही? “कधीच नाही.” आम्ही दोघे तसेच उठून अंबरनाथला गेलो. दिव्याची तारच कापलेली होती आणि चालकाच्या आसनाखाली काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला रेझिस्टर निघाला. शेठजींनी तो खिशात टाकला व तेथूनच दलालाला फोन लावला.